निराधारचा पगार आणि दिल्लीतला प्रश्न



निराधारचा पगार का वाढत नाही, असं आपण बँकेच्या रांगेत एकमेकींना विचारतो. तलाठ्याला विचारतो. पण तो ठरवणं तलाठ्याच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, त्यांना प्रश्न विचारायची एक रीत आहे. ती आज समजून घेऊ.

लोकसभेचं अधिवेशन चालू असलं की सकाळी 11 ते 12 हा प्रश्नांचा तास असतो. खासदार विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. तारांकित प्रश्नाचं उत्तर तोंडी मिळतं, त्यावर लगेच उपप्रश्नही विचारता येतो. असे 20 प्रश्न एका दिवसाला घेतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. असे 230 प्रश्न एका दिवसाला घेतात. मुंबई-नागपूरला आपल्या विधानसभेतही अशीच पद्धत आहे, तिथं आमदार विचारतात. आपल्या कळमनुरीचे राजीव सातव 2014 ते 2019 या काळात हिंगोलीचे खासदार होते. त्या पाच वर्षांत त्यांनी हजारावर प्रश्न विचारले.

आता खरी मेख अशी, की कोणता प्रश्न कुठं विचारायचा हे कळलं पाहिजे. विधवा बाईच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये येतात. बाई दारिद्र्यरेषेखालची आणि 40 ते 79 वयाची असेल, तर त्यातले 300 रुपये केंद्राचे असतात, बाकीचे 1,200 राज्याचे. केंद्राचे ते 300 रुपये 2012 पासून तेवढेच आहेत. 2012 साली तेलाचा डबा केवढ्याला होता ते आठवा. ही रक्कम वाढवा, असं संसदेच्या समितीनंही वारंवार सुचवलं आहे. म्हणून 300 का वाढत नाहीत, हा प्रश्न खासदारांकडे द्यायचा.

आणि उत्पन्नाची अट? कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नाहीत. निंदायला गेलेल्या बाईची रोजमजुरी याहून जास्त असते. मग दाखला खरा काढावा की अर्ज वाचवावा, या कोंडीत ती सापडते. पण ही अट राज्याची आहे. ती दिल्लीत विचारली, तर हा राज्याचा विषय आहे एवढंच उत्तर येईल. ती आमदारांकडे द्या.

काही घरांत नवऱ्यामागं कुटुंब निवृत्तिवेतन येतं. शिक्षकाची, पोलिसाची विधवा घ्या. हे निवृत्तिवेतन आयकरात धरलं जातं. त्यातला तिसरा हिस्सा किंवा ठरलेली रक्कम, यातलं जे कमी असेल ते वजा होतं. नव्या करपद्धतीत ही रक्कम 2024 च्या अर्थसंकल्पानं 15 हजारांवरून 25 हजार केली. कर हा केंद्राचा विषय, म्हणून तो प्रश्न खासदारांकडं.

पोरगा आखाती देशात कामाला निघाला असेल, तर तोही विषय केंद्राचाच. एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना पाहिजे. त्याला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढीच फी घेता येते, आणि तिची पावती मिळाली पाहिजे. दोन लाख मागणारा माणूस गावात आला, तर शेत गहाण ठेवण्याआधी त्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या. मराठवाड्यात परवाना असलेले एजंट किती, तक्रारी किती आल्या, कारवाई किती जणांवर झाली, हे खासदार लोकसभेत विचारू शकतात.

प्रश्न लिहायचा कसा? ‘माझ्या जावेचा अर्ज का अडला’ हा प्रश्न सभागृहात चालत नाही, तो तहसीलमध्ये विचारायचा. पण ‘हिंगोली जिल्ह्यात वर्षभरात विधवांचे अर्ज किती आले, किती नामंजूर झाले, कोणत्या कारणानं?’ हा प्रश्न विधानसभेत चालतो. त्यात जावेचाही अर्ज मोजला जातो. लोकसभेचा प्रश्न साधारण 150 शब्दांच्या आत पाहिजे. आकडा मागा, तारीख मागा, कारण मागा. नुसतं ‘सरकार काय करत आहे?’ विचारलं, की ‘योग्य ती कार्यवाही चालू आहे’ असं गुळमुळीत उत्तर येतं. खासदाराला किमान 15 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी कागद पोचवा.

कधी मंत्री म्हणतात, ‘माहिती गोळा करतो आहोत, मिळाली की सभागृहात ठेवू.’ नाराज होऊ नका. लोकसभेत ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं आणि त्यावर एक समिती नजर ठेवते.

पुढच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. एकच प्रश्न निवडा, सगळ्यांच्या सह्या घ्या, ग्रामसभेत ठराव करून घ्या. एक प्रत द्या आणि दुसरीवर पोच घ्या. उत्तर आलं, की त्याची प्रतही मागा. ते मंत्र्यांचं लेखी उत्तर असतं. तहसीलमध्ये जाताना ते हातात असू द्या.