निरीक्षणाच्या रकान्यात जे दिसलं ते
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, 'तू नोकरीत नेमकं काय करतोस ते एकदाचं सगळ्यांना सांग.' त्यामागचं कारण मला ठाऊक आहे. आपल्या ग्रुपवर मी लिहिलं होतं की मी व्हॅक्यूमचं काम करतो. दुसऱ्याच दिवशी एका मैत्रिणीचा फोन आला, 'अरे, आमचा व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नाहीये, बघतोस का?' मी गेलो, बघितला. पिशवी भरली होती, ती रिकामी करून आलो. चहा चांगला मिळाला. पण माझं रोजचं काम थोडं वेगळं आहे.

आपल्या वर्गातली ती लुकलुकणारी ट्यूबलाइट आठवते? त्या नळीतली हवा काढून अगदी कमी दाबाचा आरगॉन वायू आणि किंचित पाऱ्याची वाफ भरलेली असते. वीज सोडली की त्या विरळ वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू वीज वाहू लागतो. त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. आमचं यंत्र म्हणजे एक मोठी ट्यूबलाइटच समजा, फक्त साफ करायची वस्तू नळीच्या आत ठेवायची. गाड्यांमध्ये जे इलेक्ट्रॉनिक भाग बसतात, त्यांच्या चिपवर केसाहून बारीक तार जोडावी लागते. तिथे बोटाचा नुसता ठसा राहिला तरी तार नीट धरत नाही. म्हणून आम्ही आत ऑक्सिजन सोडून त्याचा प्लाझ्मा करतो. डोळ्यांना न दिसणारा तेलकट थर त्यात जळून जातो, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते आणि पंप ते ओढून बाहेर टाकतो.

हे जमायला आतला दाब साधारण अर्धा मिलिबार लागतो. बाहेर आपल्या अंगावर सुमारे 1013 मिलिबार दाब आहे. म्हणजे आत बाहेरच्या दोन हजारावा भाग. तो तेवढाच राहील, ऑक्सिजन ठरलेल्या मापानं जाईल आणि पंप दमणार नाही, हे बघणं ही माझी नोकरी.

या नोकरीची सुरुवात आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत झाली, असं मी म्हणतो. पत्र्याच्या डब्याचा प्रयोग आठवा. डब्यात थोडं पाणी उकळायचं, वाफ जोरात येऊ लागली की खाली उतरवून बूच घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं. आतली वाफ थिजते, बाहेरची हवा डबा चेपून टाकते. आमच्या गटाचा डबा चेपला नाही. बुचापाशी बारीक 'सुं' असा आवाज येत राहिला आणि डबा जसाच्या तसा. आम्ही प्रयोगवहीत काय लिहिलं? निरीक्षण : डबा चेपला. अनुमान : हवेला दाब असतो. पुस्तकात तसंच होतं ना.

सरांनी लाल शाईनं रेघ मारली आणि लिहिलं, 'तुमचा डबा माझ्यासमोर टेबलावर उभा आहे.' मग सगळ्यांसमोर म्हणाले, 'निरीक्षणाच्या रकान्यात जे दिसलं तेच लिहायचं. पुस्तकाला तुमच्या साक्षीची गरज नाही.' सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, ते वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं. स्वतः मात्र एकदा विसरलो. आज तेच सांगायला उभा आहे.

त्याआधी कामातली एक गंमत सांगतो. यंत्राचा दाब खाली येत नसेल, तर नवा माणूस लगेच म्हणतो, 'लिकेज आहे.' दरवेळी असतंच असं नाही. आम्ही पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि घड्याळ घेऊन बसतो. आतला दाब हळूहळू वाढू लागतो. तो एकसारखा वाढतच राहिला, तर कुठून तरी हवा शिरते आहे. सुरुवातीला वाढला आणि मग मंदावत गेला, तर बहुधा आतल्या भिंतींवरचा ओलावा सुटतो आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास होतं. हिशेबही सातवी-आठवीचाच. 100 लिटरच्या पेटीत 100 सेकंदांत दाब 0.01 मिलिबारनं वाढला, तर मिनिटाला अर्ध्या घन सेंटिमीटरहून थोडी जास्त हवा आत येते आहे. एवढ्याशा हवेसाठी दिवस दिवस शोध चालतो. शेवटी दाराच्या रबरी रिंगवर एक केस सापडतो.

पावसाळ्यात पंपाचंही तसंच. वाफ तेलात मिसळली की तेल ताकासारखं पांढुरकं होतं. मग पंपाचा एक छोटा व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा मुद्दाम आत घ्यायची आणि पंप तसाच चालू ठेवायचा. त्या हवेबरोबर वाफ बाहेर निघून जाते. व्हॅक्यूमच्या पंपात हवा सोडायची, हे पटायला मला महिना लागला होता.

आता ती गोष्ट. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती.

ऑक्सिजन ओढणाऱ्या पंपात साधं खनिज तेल चालत नाही. पंप आत आलेला विरळ वायू दाबून बाहेर टाकतो. दाबताना तो तापतो. हवेत ऑक्सिजन जेमतेम 21 टक्के असतो, आमच्या यंत्रातून येणारा वायू त्याहून कितीतरी कसदार. तो गरम तेलाच्या तुषारांना भेटला, तर पंपाच्या आत आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. म्हणून तिथे वेगळं, फ्लोरीन असलेलं तेल वापरतात. ते ऑक्सिजनमध्ये पेट घेत नाही. किंमत मात्र साध्या तेलाच्या कितीतरी पट, त्यामुळे ते कपाटात कुलपात असतं.

गॅसच्या सिलिंडरांना एक सोय असते. पेटणाऱ्या वायूच्या सिलिंडरचे आटे उलटे असतात, ऑक्सिजनचे सुलटे. चुकीचा रेग्युलेटर बसवायचा म्हटला तरी बसत नाही. तेलाच्या कॅनला असे आटे नसतात. कुठलंही तेल कुठल्याही पंपात ओतता येतं.

त्या दिवशी सकाळची पाळी होती. यंत्र रात्रभर बंद होतं. सुरू करण्याआधी एक तक्ता भरायचा असतो. त्यातली पहिलीच ओळ : पंपातल्या तेलाची पातळी आणि रंग. मी टेबलाशी बसूनच 'ठीक' लिहिलं आणि सही केली. कित्येक वर्षं ते ठीकच असायचं. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या विभागातल्या फिटरनं पातळी कमी दिसली म्हणून चांगल्या मनानं तेल भरलं होतं, बाकीच्या पंपांच्या कॅनमधलं. हे मला माहीत नव्हतं. आयटीआय करून आलेला एक मुलगा तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे लागला होता. तो पंपाजवळ वाकून म्हणाला, 'सर, तेलात मधोमध रेघ दिसतेय. असं असतं का?'

मी म्हणालो, 'काच मळली असेल, पूस.'

'पुसली, सर. आतून आहे.'

मी उठून गेलो. काचेत दोन थर स्वच्छ दिसत होते. खालचा पाण्यासारखा, वरचा किंचित पिवळसर. आमचं महागाचं तेल पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असतं आणि साधं तेल पाण्याहून हलकं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. रात्रभर पंप थांबल्यामुळे ती वेगळी झाली होती. घनतेचा धडा आठवीत होता, तो काचेमागे उभा होता. पंप सुरू केला असता, तर तेल घुसळून रेघ नाहीशी झाली असती. मग ऑक्सिजन सोडला असता. आणि पंपाजवळ तो मुलगाच उभा असता.

माझ्या हातापायांतलं बळ गेलं. मेन स्विच बंद करून त्यावर पाटी लावली आणि वरिष्ठांकडे गेलो. तेल चुकीचं पडलं हे सांगणं सोपं होतं. सही मी न बघता केली, हे सांगायला जास्त वेळ लागला. दोन दिवस काम बंद राहिलं. पंप पूर्ण खोलून एकेक भाग धुवावा लागला. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. त्या फिटरला कोणी बोललं नाही, हे मी बघितलं. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगण्याचं काम माझं होतं.

पुढे आम्ही त्या पंपाच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत तेलाचं नाव लिहिलं. तक्त्यातून 'ठीक' हा शब्द काढून टाकला. आता तिथे लिहावं लागतं : पातळी कुठे आहे, रंग कसा आहे, थर किती दिसतात. आणि काल आलेल्या माणसानंही 'थांबा' म्हटलं, तरी यंत्र थांबतं.

त्या रात्री घरी मला तो उभा डबा आठवला. चाळिशी ओलांडलेला माणूस पुन्हा एकदा न बघता 'डबा चेपला' लिहून आला होता. फरक एवढाच की या वेळी लाल शाईची रेघ एका वीस वर्षांच्या मुलानं मारली, तीही 'सर, असं असतं का?' इतक्या मऊ शब्दांत.

शेवटी एक विनंती. आपण प्रयोगशाळेसाठी निधी जमवतो आहोत. त्यातून एक हातानं चालवायचा छोटा पंप आणि काचेची हंडी घेऊ या. पंपाची देखभाल माझ्याकडे लागली. हंडीत विजेची घंटा ठेवून हवा काढायचा प्रयोग मुलांना करू द्या. पुस्तकात घंटेचा आवाज बंद होतो. शाळेच्या पंपावर तो पुरता बंद होत नाही, थोडी हवा राहते, आधारातून आणि तारांतूनही थरथर बाहेर येते. माझं आजच्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे, की ज्या मुलीनं किंवा मुलानं वहीत लिहिलं असेल 'आवाज थोडा ऐकू येत होता', त्याला पूर्ण गुण द्या.

सर, तुम्ही आम्हाला त्या प्रयोगाचा शून्य दिला होता. तो अजून मला पुरतो आहे.