अजिंठ्याच्या भिंतीवरून तैलरंग शिकताना
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, खडूने बोलायची सवय. पण मंडळाचा आग्रह झाला की मुलांना तैलचित्राबद्दल दोन शब्द सांगा, म्हणून उभा राहिलो.

आपल्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथे १७ नंबरच्या लेण्यात, गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवर, तथागत कपिलवस्तूला परत आले तो प्रसंग रंगवला आहे. हातात भिक्षापात्र, समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. याच चित्राची नक्कल करत मी तैलरंग शिकलो.

नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थीही असेच शिकले. १८७२ पासून ग्रिफिथ्स साहेबांनी त्यांना अजिंठ्याला नेलं. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच, पुढे नामांकित चित्रकार झाले. त्यांच्याही आधी, १८४४ पासून, मेजर गिल याने वर्षानुवर्षं लेण्यात बसून तैलरंगात प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्या कित्येक प्रतीही १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या आज लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि भिंतीवरचं जे झडून गेलं त्यातलं काही आता तिथेच पाहायला मिळतं.

एक वाईट गोष्टही सांगितली पाहिजे. रंग नीट दिसावेत म्हणून त्या काळी भिंतीवर व्हार्निश फासलं गेलं. पुढे ते पिवळं पडलं, तडकलं, आणि मूळ रंगाचे पोपडे घेऊन निघालं. म्हणून नक्कल करा, पण भिंतीला बोट लावू नका.

आता माझी फजिती. एका छापील चित्रावर चौकोन आखले, तेवढेच कॅनव्हासवर आखले, कोळशाने रेखाटलं. पहिल्याच थरात भरपूर जवसाचं तेल घातलं, चमक यावी म्हणून. वरचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला. तो आधी वाळला, खालचा ओलाच. दोन महिन्यांत बुद्धांच्या चीवराला भेगा! रीत नेमकी उलटी आहे मुलांनो. खाली तेल कमी, वर जास्त.

दुसऱ्यांदा भेगा पडल्या नाहीत. मोठ्या हौसेने मायला दाखवलं. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "लेकरू वर पाहायलंय, अन् तू वर ठेवलंच काय त्याला पाहायला?"

झालं होतं असं, की भिंतीवर तथागत मायलेकरांपेक्षा कितीतरी पट मोठे आहेत. ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेला मी, मला वाटलं जुन्या चित्रकाराचं प्रमाण चुकलं. मी ते 'दुरुस्त' केलं, सगळे जवळपास सारख्या उंचीचे! आणि यशोधरेच्या गालावर छायाप्रकाश इतका घोटला की ती सिनेमातली नटी दिसायला लागली. अजिंठ्याचा चेहरा रेषेवर उभा असतो, सावलीवर नाही.

दुसऱ्या दिवशी लाल डब्याने परत अजिंठा गाठलं. रंग नेले नाहीत, फक्त वही. राहुलच्या उंचीवर डोळे यावेत म्हणून जमिनीवर बसलो. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, "गुरुजी, बरं वाटत नाही का?" खालून वर पाहिलं तेव्हा कळलं. मुलगा वारसा मागायला आलाय, आणि बाप त्याला डोंगराएवढा दिसतोय. चित्रकाराने माप मुलाच्या डोळ्यातून घेतलं होतं.

तिसरी प्रत उभ्या कॅनव्हासवर केली. तीच मागच्या भिंतीवर लावली आहे. उजव्या हाताची बोटं अजून जमलेली नाहीत, जवळून बघितलं तर दिसेल.

येत्या रविवारी वंदनेनंतर मुलांना घेऊन बसणार आहे. जुना सुती कपडा आणि वही आणा, आणि चांगला शर्ट घालून येऊ नका, आया मला बोलतील.

जयभीम!