खर्जाची पेटी आणि तिची जागा

गवयाच्या मागें बसलेला तंबोरेवाला मैफलींत कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पण त्याचा हात थांबला कीं गाणें एकाएकीं उघडें पडतें. घरीं बसून यंत्रावर गाणें ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा तंबोरा असाच अर्धा थांबलेला असतो, आणि त्यांना त्याचा पत्ताहि नसतो. हल्लीं दिवाणखान्यांत लहान स्पीकरांची जोडी ठेवण्याची आवड वाढली आहे. त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात. त्यांचा आवाज स्वच्छ असतो, गायकाचा शब्द न् शब्द उमटतो, आणि जागाहि थोडी लागते. उणा पडतो तो खर्ज.

माणसाच्या कानाला दर सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा ध्वनि ऐकूं येतो. या कंपनसंख्येलाच हर्ट्झ म्हणतात. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारें १३९ हर्ट्झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. पाश्चात्त्य वाद्यांपैकीं डबल बास ४१ पर्यंत उतरतें, व पियानोची पहिली पट्टी २७.५ वर बोलते. चार-पांच इंची पडद्याचा स्पीकर बहुधा साठ-सत्तरच्या सुमारासच थकूं लागतो. हें ऐकणाराला लौकर उमगत नाहीं, कारण मूळ स्वर गळाला तरी त्याच्या वरच्या स्वरांशांवरून मन तो भरून काढतें. स्वर ओळखतां येतो, पण त्याचें वजन हरवतें. डग्ग्याचा घुमारा कोरडा होतो, आणि पखवाज लाकडी फळीसारखा वाजतो.

यांत कारखानदाराची लबाडी नाहीं. तेवढ्याच मोठ्या आवाजानें एक सप्तक खालीं उतरावयाचें तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. दोन सप्तकें उतरावयाचीं तर सोळापट. राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं हलत्या वेटोळ्याच्या स्पीकराचें काम प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून हा हिशेब पाठीस लागलेला आहे. एडगर व्हिल्चर यानें १९५४ सालीं बंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटींतून खर्ज काढण्यांत मोठी मजल मारली. तरीहि पडद्याच्या आकाराचा हिशेब कोणाला चुकवितां आला नाहीं. म्हणून हें काम निराळ्या पेटीकडे सोंपविण्याची युक्ति निघाली. आठ, दहा किंवा बारा इंची पडदा, बहुधा स्वतःचाच अँप्लिफायर, आणि केवळ खालचे स्वर: हीच सब्‌वूफर नांवाची पेटी.

तिचें नांव बदनाम झालें तें दणदणाटामुळें. १९७४ सालच्या 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटासाठीं थिएटरांत मोठमोठ्या पेट्या बसवून प्रेक्षकांना हादरे देण्यांत आले. आणि मिरवणुकींत उभ्या राहणाऱ्या स्पीकरांच्या भिंतींविषयीं तर महाराष्ट्रांत कोणाला कांहीं सांगावयास नको. घरांतील सब्‌वूफरची कसोटी नेमकी उलटी आहे. पेटी वाजत आहे हें ध्यानांत येतां कामा नये. ती बंद केली कीं मात्र कांहींतरी गेलें असें वाटलें पाहिजे.

ही कसोटी बहुतेक घरीं पहिल्याच दिवशीं फसते. पेटी येते, आणि जो कोपरा मोकळा असेल त्यांत ढकलली जाते. मग आवाज गढूळ वाटतो, आणि आणखी महाग पेटी घ्यावयास हवी होती असें घरांत बोलणें सुरू होतें. वास्तविक दोष पेटीचा नसून खोलीचा असतो. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. म्हणून ४० हर्ट्झच्या स्वराची एक लाट सुमारें साडेआठ मीटर लांब भरते. चौदा फूट लांबीच्या खोलींत तिचा बरोबर निम्मा भाग मावतो, आणि ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःवरच परतत राहते. परिणाम असा कीं, त्या भिंतींलगत तो स्वर फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. तीच खोली, तेंच गाणें, तीच पेटी. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावरचा म्हणतो खर्ज अंगावर येतो, मध्यें खुर्ची टाकून बसलेला म्हणतो कांहीं ऐकूंच येत नाहीं. दोघेहि खरें बोलत असतात. रुंदी आणि उंची यांचे हिशेब पुन्हां निराळे. त्यामुळें एखादा स्वर गर्जतो आणि त्याच्या शेजारचा गडप होतो.

यावर एक उपाय आहे, आणि त्याला पैसा पडत नाहीं. पेटी प्रथम ऐकावयाच्या खुर्चीच्या जागीं ठेवावी. जींत खालचे स्वर एकामागून एक चढत-उतरत जातात अशी ध्वनिमुद्रिका लावावी. नुसत्या ठोक्यांची उपयोगी नाहीं. मग घरधन्यानें गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीजवळ ठेवून, भिंतींच्या कडेनें फिरावें. मुलें हंसतील, त्यांना हंसूं द्यावें. जेथें प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा ऐकूं येईल ती पेटीची जागा. ध्वनीचा नियमच असा आहे कीं, उगम व कान यांनीं जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. कोपऱ्यांत आवाज सर्वांत मोठा मिळतो हें खरें. पण मोठा आणि सारखा यांत फरक आहे. सोफा भिंतीपासून हात-दीड हात पुढें ओढल्यानेंहि पुष्कळ काम होतें.

लहान स्पीकरांचें नांव पुस्तकांच्या फळीचें असलें तरी त्यांना पुस्तकांत कोंबूं नये. ते कानाच्या उंचीवर असावे, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा.

आतां काम वांटून द्यावयाचें. कोणत्या स्वरापासून खालचें सब्‌वूफरनें गावें हें ठरविणाऱ्या बटनास क्रॉसओव्हर म्हणतात. ८० हर्ट्झपासून आरंभ करणें बरें, कारण त्याखालचा ध्वनि कोणत्या दिशेनें येतो हें कानाला सहसा कळत नाहीं. तेंच बटन १२० च्या वर गेलें कीं पुरुषाचा आवाज कोपऱ्यांतून येऊं लागतो, आणि गवई दोन ठिकाणीं बसल्यासारखा भास होतो. वांटणीची सोय मुख्य अँप्लिफायरमध्येंच असेल तर ती तेथेंच करावी, व पेटीवरील क्रॉसओव्हर सर्वांत वर फिरवून ठेवावा. एकच स्वर दोन चाळणींतून गाळला तर मध्यें भोंक पडतें. तशी सोय नसेल तर लहान स्पीकर जेथें थकतात तेथें पेटीचें बटन आणावें.

पेटीच्या मागें फेज नांवाचा एक खटका असतो. बहुतेक लोक त्यास हात लावीत नाहींत. पेटीचा पडदा पुढें येत असतां स्पीकरांचे पडदे मागें जात असले तर दोघांचा खर्ज एकमेकांना खातो. एकानें खुर्चीवर बसावें, दुसऱ्यानें खटका शून्यावरून १८० वर न्यावा. ज्या बाजूस खर्ज भरीव वाटेल ती बाजू खरी.

आवाज किती ठेवावा याचा निकाल मात्र एका बैठकींत लागत नाहीं. आवाज हळू केला कीं कान खालच्या स्वरांकडे अधिकच दुर्लक्ष करतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. म्हणून रोज ज्या आवाजांत ऐकावयाचें त्याच आवाजांत पेटी जुळवावी. ती वेगळी ऐकूं येईपर्यंत वाढवावी, आणि तेथून किंचित् मागें यावें. चार दिवसांनीं पुन्हां ऐकलें तर बहुधा आणखी थोडें मागें यावेंसें वाटतें.

राहतां राहिले शेजारी. ज्या श्रोत्यांचें बिऱ्हाड इमारतींत आहे त्यांच्या दृष्टीनें हाच प्रश्न मोठा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागास दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, व रात्र म्हणजे दहा ते सहा. पण तें माप खालच्या स्वरांना फारच थोडें वजन देतें. ४० हर्ट्झच्या स्वराचे सुमारें ३५ डेसिबल त्यांतून वजाच होतात. म्हणजे मापकाचा कांटा शांत असूनहि खालच्या मजल्यावरील आजाऱ्याची झोंप उडूं शकते. पेटीखालीं रबराचे जाड तुकडे ठेवल्यानें जमिनीची थरथर कमी होते, हवेंतून जाणारा खर्ज नाहीं. तो वीटबांधणीलाहि फारसा जुमानीत नाहीं. रात्रीं दहानंतर पेटी बंद करून लहान स्पीकरांवर गाणें चालूं द्यावें, त्यांत रस जात नाहीं. आणि पेटी एकदां मनासारखी जुळली कीं, गाणें चालूं ठेवून घरधन्यानें स्वतः शेजारच्या बिऱ्हाडीं जावें व त्यांच्या भिंतीपाशीं दोन मिनिटें उभें राहावें. तेथें डग्ग्याच्या मात्रा मोजतां येत असतील, तर घरीं परतून बटन आणखी खालीं आणावें.