चप्पल पायातून निसटते तेव्हा



साक्रीत फिजिओथेरपीची परिषद भरते आणि समोर आमच्या व्यवसायातल्या मंडळींबरोबर आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शेतकरीही बसलेले दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणून नव्या संशोधनाचा आढावा बाजूला ठेवतो आणि एकाच प्रश्नावर बोलतो. माणसाने आमच्याकडे यायचं कधी?

आपल्याकडे लोक येतात ते उशिरा. कंबर धरली की आधी बाम, मग मेडिकलवरून आणलेली गोळी, मग गावातली मालिश. काही ठिकाणी अजून डागही देतात. सहा महिने उलटले की कोणीतरी सुचवतं, "एकदा मशीन लावून पाहा." या मशीनच्या कल्पनेने रुग्णाचं फार नुकसान केलं आहे आणि त्यात आपल्या व्यवसायाचाही वाटा आहे. शेक आणि करंट यांनी दुखणं काही काळ हलकं होतं, पण त्यांनी स्नायूत ताकद येत नाही. नीट तपासून दिलेला आणि रुग्णाने रोज घरी केलेला व्यायाम, हा आपल्या उपचाराचा कणा आहे. दहा दिवस मशीनखाली झोपवून एकही व्यायाम न शिकवता माणसाला परत पाठवणं मला मान्य नाही.

या तालुक्यातलंच एक उदाहरण घ्या. उन्हाळ कांदा निघाला की बाया दिवसदिवस उकिडव्या बसून पात कापतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूस, एक नस हाडाला वळसा घालून कातडीच्या अगदी जवळून जाते. तासन् तास उकिडवं बसल्याने ती दबते. दुखतं थोडंच, म्हणून लक्ष जात नाही. संध्याकाळी घरी निघताना पंजा उचलत नाही, अंगठा ढेकळाला अडतो, चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. घरचे घाबरतात, लकवा म्हणतात, तेल चोळू लागतात. खरं तर त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी, कारण हीच खूण कमरेतली नस दबल्यानेही दिसते. गुडघ्यापाशीच दाब असेल तर उकिडवं बसणं लगेच बंद, पंजाला आधाराची पट्टी आणि ठरावीक व्यायाम. बऱ्याच जणींचा पंजा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा उचलू लागतो. मात्र "सुगी संपली की बघू" म्हणत तसंच बसत राहिलं, तर नस कायमची दुबळी होऊ शकते.

तेव्हा यायचं कधी? दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरत नसेल, किंवा त्यामुळे पाणी भरणं, जिना चढणं, रात्रीची झोप अडत असेल तेव्हा. प्लास्टर निघाल्यावर मनगट वळत नसेल तेव्हा. मधुमेह असलेल्या माणसाचा हात डोक्यापर्यंत जाईनासा झाला, तर खांदा पूर्ण आखडायची वाट पाहू नये. आशाताईंना एक विनंती. बाळ चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नसेल, तर "आमच्याकडे पोरं उशिरानेच चालतात" हे ऐकून परत फिरू नका. त्याला डॉक्टरांकडे पाठवा.

आणि काही वेळा आमच्याकडे आधी येऊच नये. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. ताप, विनाकारण घटणारं वजन, अपघातानंतरचं दुखणं यांत पहिला मान डॉक्टरांचा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर 108 ला फोन करून तडक रुग्णालय. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि साक्रीहून धुळ्याला जाण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

जीव वाचला की आमचं काम दवाखान्यातच सुरू व्हायला हवं. भरून येण्याचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि नेमके तेच महिने देवदर्शनात आणि झाडपाल्यात जातात. लकव्याच्या माणसाला उठवताना गळालेला हात धरून ओढतात. त्याने खांदा निखळतो आणि मग तो खांदाच वर्षभर ठणकतो. कमरेला धरून उठवायचं असतं, हे सुनेला आणि मुलाला दाखवायला दोन मिनिटं लागतात.

आपला व्यवसाय या देशात उभा राहिला तोच निकडीतून. मुंबईत पोलिओने मुलं अधू होत होती, तेव्हा 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आज रांग कंबरेची आहे. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यात गुजरातच्या उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आपल्या भागातली माणसंही आलीच.

अशा माणसाला "रोज या" सांगणं म्हणजे येऊच नको म्हणणं. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरून यायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. एवढं करून आलेल्याला पहिल्याच भेटीत तीन व्यायाम करवून घ्या, सोबत आलेल्याला शिकवा, कागदावर चित्र काढून द्या. जमलं तर अहिराणीत बोला. "कंबर दुखस" म्हणणाऱ्या आजीला मणक्यांचे आकडे कळून काय करायचे आहेत? तिला वाकून झाडता यायला हवं.

या परिषदेने एक ठराव करावा, असं मी अध्यक्ष म्हणून सुचवतो. साक्री आणि पिंपळनेर इथे आठवडे बाजाराच्या दिवशी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बसेल, अशी मागणी जिल्हा प्रशासनाकडे करावी. त्या दिवशी माणसं तशीही गावात येतात, भाडं वेगळं पडत नाही. शासनाची जागा भरेपर्यंत आपल्यापैकी कोण कोणता बाजार सांभाळणार, त्याची नावं आज जेवणाच्या सुट्टीआधी लिहून घेऊ. पहिलं नाव माझं धरा.