जखमी शिपायाचें पेन्शन आणि वाढती महागाई

शिपायाच्या जखमेची भरपाई पैशानें होत नाहीं, हें खरें. परंतु राज्याच्या हातीं दुसरें साधन नसल्यामुळें तें पैशानेंच आपलें ऋण फेडूं पाहतें. ही रक्कम एकदां ठरवून दिली कीं राज्य आपल्या कर्तव्यांतून मोकळें झालें, अशी समजूत फार दिवस चालत आली. तिच्यांतील दोष बाजारांत गेल्यावर कळतो. ज्या रुपयांत भरपाई मोजली, त्या रुपयाची किंमत वर्षागणिक उतरते. जखम मात्र होती तेवढीच राहते आणि वय वाढलें कीं अधिकच जाचूं लागते. या दोहोंचा मेळ कसा घातला जातो आणि तो कोठें बिघडतो, याचा विचार आज आपण करणार आहों.

नागपूरकरांना, विशेषतः महालांत राहणाऱ्यांना, हा विषय परका नाहीं. महाल ही भोसल्यांच्या राजधानीची जुनी वस्ती. येथील वाडे फौजेच्या पराक्रमावर उभे राहिले. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर कंपनी सरकारनें राजघराण्यांतील मंडळींस तनखे बांधून दिले, आणि ‘पेन्शन’ हा शब्द या भागांतल्या लोकांच्या तोंडीं बसला. जवळच कामठीस १८२१ पासून छावणी आहे. आज तेथें ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स’ या पलटणीचें केंद्र आहे. सैन्यांतून परतलेला शिपाई हा या शहराचा जुना रहिवासी आहे, आणि त्याच्या घरचा किराणा इतवारीच्याच भावानें येतो.

जखमेचें मोल ठरविण्याची रीतही आपल्याकडे नवी नाहीं. १६५९ सालीं प्रतापगडच्या पायथ्याशीं अफझलखानाचा पाडाव झाला. त्यानंतर शिवाजी महाराजांनीं आपल्या लोकांची व्यवस्था कशी लावली, याची हकीकत कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत दिली आहे. कामीं आलेल्यांच्या मुलांना चाकरींत घेतलें. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्में वेतन चालू केलें. आणि जखमी झालेल्यांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशें होनांपर्यंत बक्षीस दिलें. या नोंदींत दोन तत्त्वें स्पष्ट दिसतात. एक, भरपाई जखमेच्या मानानें असावी. दुसरें, विधवेला जें द्यावयाचें तें एकदांच देऊन न संपवितां चालू ठेवावें. आजच्या पेन्शनच्या नियमांची इमारत याच दोन तत्त्वांवर उभी आहे.

आजचा नियम थोडक्यांत असा. सैन्यांतील नोकरीमुळें आलेल्या, किंवा नोकरीमुळें बळावलेल्या अपंगत्वापायीं ज्याला घरीं पाठविलें जातें, त्याच्या पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला भाग सेवेचा, दुसरा अपंगत्वाचा. अपंगत्व शेकडा शंभर ठरलें तर शेवटच्या पगाराच्या शेकडा तीस रुपये या दुसऱ्या भागापोटीं मिळतात. अपंगत्व कमी असेल त्या मानानें ही रक्कम कमी होते. शत्रूशीं लढतांना जखमी झालेल्यास याहून पुष्कळ अधिक मिळतें; शेकडा शंभर अपंगत्वामुळें घरीं पाठविल्यास जखमेचा भाग शेवटच्या पगाराइतका धरतात. पांचव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर, म्हणजे १९९६ पासून, अपंगत्वामुळें सक्तीनें घरीं पाठविलेल्यांसाठीं आणखी एक सोय झाली. डॉक्टरांनीं शेकडा पन्नासहून कमी अपंगत्व ठरविलें तरी तें पन्नास धरावें, पन्नास ते पंचाहत्तर असल्यास पंचाहत्तर धरावें आणि त्यापुढें पूर्ण शंभर धरावें, असें ठरलें. नोकरीची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या अपंग शिपायालाही हा लाभ नाकारतां येत नाहीं, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें राम अवतार यांच्या प्रकरणांत दिला. त्यापूर्वी २०१३ सालीं धरमवीर सिंग यांच्या प्रकरणांत याच न्यायालयानें सांगितलें होतें कीं, भरतीच्या वेळीं शिपायाच्या अंगीं एखाद्या रोगाची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असें मानलें पाहिजे. पुढें जडलेलें दुखणें नोकरीमुळें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. सप्टेंबर २०२३ पासून मात्र या बाबतींत नवे नियम आले आहेत. म्हणून ज्याच्या निवृत्तीची तारीख त्यानंतरची आहे, त्यानें आपला हक्क नव्या नियमांवरून पडताळून पाहावा.

आतां महागाईकडे वळूं. १९७३ च्या सुमारास तिसऱ्या वेतन आयोगानें पेन्शनरांचा दिलासा किंमतींच्या निर्देशांकाशीं जोडण्याची शिफारस केली. आज केंद्र सरकारच्या पेन्शनरांना, आणि त्यांतच सैनिकांना, १ जानेवारी व १ जुलै अशा दोन तारखांपासून महागाई वाढ मिळते. ती अपंगत्वाच्या भागावरही मिळते, ही गोष्ट कित्येक कुटुंबांना ठाऊक नसते. वाढीचा आधार आहे औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. केंद्राचा लेबर ब्यूरो देशांतील ८८ ठिकाणांहून भाव गोळा करून तो दर महिन्यास काढतो, आणि त्या ८८ ठिकाणांत आपलें नागपूरही आहे. अर्थात् आपल्या बाजारांत तुरीची डाळ महागली तर तिचा अंश, अल्पसा कां होईना, साऱ्या देशांतील पेन्शनरांच्या हिशेबांत उतरतो. बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी काढावयाची, सातव्या वेतन आयोगानें पायाभूत धरलेल्या २६१.४२ या आंकड्याहून ती शेकडा कितीनें चढली तें पाहावयाचें, आणि अपूर्णांक सोडून द्यावयाचा, अशी ही रीत आहे. या रीतीनें १ जानेवारी २०२४ पासून महागाई वाढ शेकडा ५० झाली आणि १ जुलै २०२५ पासून ५८.

नुसत्या शेकडेवारीनें बोध होत नाहीं, म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, एका शिपायाचा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता, आणि त्याचें अपंगत्व नियमाप्रमाणें शेकडा पन्नास धरलें. त्याचा सेवेचा भाग २०,००० रुपये व अपंगत्वाचा भाग ६,००० रुपये, मिळून २६,००० रुपये झाले. त्यावर शेकडा ५८ प्रमाणें महागाई वाढ १५,०८० रुपये येते. एकूण ४१,०८० रुपये. ही वाढ नसती तर २०१६ च्या भावांवर ठरलेल्या २६,००० रुपयांतच त्याला आजचा संसार चालवावा लागला असता. जो कुली लावल्याशिवाय पाण्याची बादलीही उचलूं शकत नाहीं, त्याला बाजारभावाशीं झुंजण्यासाठीं दुसरी नोकरी धरणें कसें शक्य व्हावें? इतरांना महागाईंत अधिक काम करून चार पैसे मिळवितां येतात. त्याचा तो मार्गच जखमेनें बंद केलेला असतो. महागाई वाढीचें खरें समर्थन येथें आहे.

ही व्यवस्था चांगली आहे, पण निर्दोष नाहीं. पहिला दोष उशिराचा. बारा महिन्यांच्या सरासरीमुळें वाढ नेहमीं भावांच्या मागून चालते, आणि जानेवारीची वाढ जाहीर व्हावयास बहुधा मार्च उजाडतो. फरकाची रक्कम मागाहून मिळते हें खरें. पण वाणी मागाहून थांबत नाहीं.

दुसरा दोष असा कीं, ही वाढ सरकारी आदेशानें मिळते आणि आदेशानेंच थांबूं शकते. कोविडच्या सांथींत जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठविले गेले. शेकडा १७ वर थांबलेला दर १ जुलै २०२१ रोजीं एकदम २८ वर आला. मधल्या अठरा महिन्यांचा फरक मात्र दिला गेला नाहीं. वरच्या उदाहरणांतील शिपायाचा हिशेब केला तर त्याचे ३४,३२० रुपये बुडाले. संकटकाळीं सर्वांनीं झीज सोसावी हें मान्य; तथापि ज्यानें आपल्या शरीराची झीज आधींच सोसली आहे, त्याच्या अपंगत्वाच्या भागापुरता तरी अपवाद करतां आला असता, असें माझें मत आहे.

तिसरा दोष सोबत्याच्या भत्त्याचा. ज्याला दुसऱ्याच्या मदतीवांचून राहतांच येत नाहीं अशा पूर्ण अपंग शिपायाला सोबती ठेवण्यासाठीं वेगळा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ६,७५० रुपये झाला. त्याच्यावर सहामाही महागाई वाढ चढत नाहीं. महागाईचा दर शेकडा ५० ला पोंचला म्हणजे तो एकदां सव्वापट करावयाचा, असा नियम आहे. म्हणजे २०१७ पासून २०२४ उजाडेपर्यंत भत्ता जागचा हलला नाहीं, आणि सोबत्याची मजुरी तर दरसाल वाढत गेली. माझ्या समजुतीप्रमाणें साऱ्या व्यवस्थेंत तांतडीनें सुधारण्याजोगी जागा हीच आहे. आठवा वेतन आयोग २०२५ मध्यें नेमला गेला आहे. त्याच्यापुढें ही गोष्ट मांडली गेली पाहिजे.

परदेशांत काय चालतें? अमेरिकेंत जखमी सैनिकांची भरपाई दरसाल डिसेंबरपासून वाढते, आणि त्यासाठीं तेथील काँग्रेस दरसाल वेगळा कायदा करते. वाढीचें माप तेथेंही कामगारांचा किंमत निर्देशांकच. डिसेंबर २०२२ मध्यें ती शेकडा ८.७ होती, पुढल्या वर्षीं ३.२. पण आपल्याहून मोठा फरक निराळाच आहे. तेथें अपंगत्व सारखें असेल तर शिपाई आणि सेनापती यांना भरपाईची मूळ रक्कम सारखीच. आपल्याकडे ती शेवटच्या पगारावर ठरते, आणि महागाई वाढही शेकडेवारीनें असल्यामुळें मोठ्या पेन्शनीवर मोठी पडते. सातव्या वेतन आयोगानें शंभर टक्के अपंगत्वास अधिकाऱ्यासाठीं २७,०००, सुभेदार दर्जास १७,००० व शिपायास १२,००० अशा ठराविक रकमा सुचविल्या होत्या. आक्षेप आल्यावर सरकारनें २०१७ मध्यें पगारावरची शेकडेवारीच कायम केली. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहेत. पगारावर भरपाई ठरविणारे म्हणतात, ज्याची कमाई मोठी त्याचें नुकसान मोठें. त्यांना एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, तुटलेल्या पायाच्या जागीं बसवावयाचा कृत्रिम पाय दर्जा पाहून स्वस्त वा महाग होतो काय?

पैशाखेरीजही जखमी शिपायाला पुष्कळ कांहीं लागतें. पुण्यास कृत्रिम अवयवांचें केंद्र आहे. खडकीस क्वीन मेरीज् टेक्निकल इन्स्टिट्यूट ही १९१७ पासूनची संस्था अपंग जवानांना हुन्नर शिकविते. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत पोहण्याचें सुवर्णपदक त्यांनीं भारताला मिळवून दिलें. अशा पराक्रमाचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु प्रत्येक जखमी शिपायानें पेटकर व्हावें अशी अपेक्षा धरणें अन्यायाचें आहे. बहुतेकांना घरांतल्या ओट्यावर शांतपणें बसून औषधाचा खर्च निभावतां यावा, एवढीच इच्छा असते.

१९८२ च्या डिसेंबरांत डी. एस. नकारा यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून सेवेनें मिळविलेला हक्क आहे, असें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें. हक्काची राखण मात्र ज्याची त्यानें करावी लागते. आपल्या वाड्यांत, आळींत असा कोणी निवृत्त जवान किंवा त्याची विधवा असेल, तर त्यांच्याजवळ बसून पेन्शनचा आदेश एकदां वाचा. अपंगत्वाची शेकडेवारी किती लिहिली आहे, ती नियमाप्रमाणें वर चढविली आहे काय, अपंगत्वाच्या भागावर महागाई वाढ लागते काय, वर्षाचा हयातीचा दाखला वेळेवर गेला काय, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर अडलें तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत अर्ज द्या. तेथेंही न सुटल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. यास कायद्याचें पांडित्य लागत नाहीं. वाचतां येणारा एक शेजारी आणि दुपारचा एक तास पुरतो.