चिखल, पाटे आणि आमची जुनी पिकअप
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर नाट्यसंगीत होते, ज्ञानेश्वरीवर बोलणे होते. आज आम्ही ग्रीस आणि चिखलावर बोलणार आहोत. बाप्पा सांभाळून घेईल.

आम्ही चौघे उद्यमबागेत लेथवर हात काळे करणारे. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातली, पुढे-मागे पाटे आणि चारही चाकांना ताकद असलेली एक जुनी पिकअप आम्ही भंगाराच्या भावात घेतली. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जांभ्याच्या लाल वाटा आषाढात साबणासारख्या होतात. त्या वाटांनी वाडीपर्यंत जाता यावे, एवढाच हेतू.

पहिले वर्ष काहीच नवे लावले नाही. ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे, ऑइल सील, बसलेले पाटे, सगळे मूळच्या मापात आणले. बघणाऱ्यांना यात काही दिसत नाही. पण उतारावर न थांबणाऱ्या गाडीला मोठे टायर लावणे म्हणजे धोका वाढवणे.

दुसऱ्या वर्षी खोल नक्षीचे टायर आले, माप मात्र कंपनीचेच. मोठे चाक रुबाबदार दिसते, पण त्याचा भार हाफ शाफ्टवर पडतो आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. खरी करामत हवेची आहे. 35 वरून 18-20 पौंडांवर हवा उतरवली की टायर पसरतो आणि चिखलाला धरतो. मात्र डांबरी रस्त्यावर येण्याआधी पुन्हा भरायची, म्हणून पंप सोबत ठेवावाच लागतो.

तिसऱ्या वर्षीचे काम पाच बोटांएवढे, पण आमच्या मते सगळ्यात मोलाचे. ॲक्सलला श्वास घ्यायला एक लहान तोंड असते. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढले जाते. मग आतले तेल ताकासारखे पांढरे होते आणि दातऱ्यांचा नाश. त्या तोंडाला रबरी नळी जोडून ती वर हौद्याजवळ नेली. खर्च एका वडापावच्या पार्टीइतका.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावले. म्हणून चॅसिस, इंजिन, उंची, रुंदी यांना हात लावला नाही. बोल्टने लागते आणि बोल्टने निघते तेवढेच केले. तरुण मंडळी यावर नाराज असतात. गाडी उंच केली की तोल वर जातो आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन बिघडतो, हे त्यांना वळणावरच कळते.

एका श्रावणात वाडीतून निरोप आला, बाळंतीण अडली आहे. ओढ्याला लाल पाणी, फरशी दिसत नव्हती. पलीकडून माणसे हात करत होती. इंजिनात पाणी शिरू नये याची सोय होती, पण वाहते पाणी गाडी उचलते, त्याला नळी काय करणार? आम्ही गाडी घातली नाही. पलीकडच्या एका काकांनी रागाने विचारले, “मग एवढं सगळं केलंत कशाला?” उत्तर द्यायला वेळ नव्हता. वरच्या साकवावरून तिला घोंगडीच्या झोळीत आणले, हौद्यात गादी घातली आणि लो गिअरमध्ये, एकही धक्का न देता, खानापूर गाठले. मुलगी झाली. ते काका नंतर आमच्याशी बोलले, पण त्या प्रश्नावर नाही.

राहता राहिला मागचा डिफरन्शियल. चारही चाकांना ताकद असूनही गाडी रुतते, कारण साधा डिफरन्शियल सैल चाकालाच गरगर फिरवतो आणि घट्ट जमिनीवरचे उभे राहते. त्याला लॉकर बसवावा की त्या पैशांत जाड पट्टे आणि हाताने चालणारा विंच घ्यावा, यावर आमच्यात दोन तट आहेत. आमच्यातला थोरला म्हणतो, विंच, कारण तो दुसऱ्याची गाडीही काढतो.

विसर्जनानंतरच्या रविवारी पाटे उतरवून ग्रीस करायचे आहे. ज्यांना पाना धरायचा असेल त्यांनी सकाळी शेडवर यावे. चहा आमच्याकडून, कपडे जुने घालून या.