चालत्या पावलाचा प्रतिक्षेप



प्रतिक्षिप्त क्रिया आपण शाळेतच शिकलो. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीचा हलका ठोका बसला की पाय पुढे उडतो. वार्ता मज्जारज्जूत जाते आणि मेंदूची वाट न पाहता आज्ञा परत येते. हे चित्र चुकीचे नाही; परंतु ते स्वस्थ बसलेल्या माणसाचे आहे. प्राणी चालू लागला की तोच प्रतिक्षेप निराळा वागू लागतो.

1911 साली ग्रॅहम ब्राउन यांनी दाखविले की, मेंदूशी संबंध तुटलेल्या आणि पायांकडून येणारी संवेदनाही बंद केलेल्या मांजराच्या पायांचे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावू शकतात. म्हणजे चालण्याची मूळ लय मज्जारज्जूतच उपजते. शेरिंग्टन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचा भर प्रतिक्षेपांच्या साखळीवर होता. त्यामुळे असेल, पण या शोधाची कदर होण्यास पुढे अर्धशतक लोटले.

मग 1975 साली फोर्सबर्ग, ग्रिल्नर आणि रोसिन्योल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मज्जारज्जू छेदलेली मांजरे सरकत्या पट्ट्यावर मागील पायांनी चालत असत. (असे प्रयोग ऐकताना मन अस्वस्थ होते, हे मी नाकारीत नाही.) पाय हवेत असताना पंजाच्या वरच्या बाजूस स्पर्श झाला, तर तो अधिक दुमडून उंच उचलला जाई, वाटेतला धोंडा ओलांडावा तसा. पाय जमिनीवर टेकलेला असताना तोच स्पर्श झाला, तर पाय अधिक ताठ होई. आणि हे योग्यच. अंगाचा भार पेलणारा पाय त्या क्षणी उचलला, तर प्राणी कोसळेल. स्पर्श एकच, उत्तरे परस्परविरुद्ध, आणि निवाडा करणारा मेंदू तर संपर्कातच नाही!

माणसाच्या पोटरीतही असाच फेरफार आढळतो. कॅपाडे आणि स्टाइन यांनी 1986 साली पोटरीकडे जाणाऱ्या चेतातंतूला विजेचा सूक्ष्म झटका देऊन मोजमाप केले. उभे असताना प्रतिक्षेप जोरकस, चालताना क्षीण, आणि पाऊल हवेतून पुढे जाताना जवळजवळ नाहीसा. पाऊल पुढे नेताना घोटा वर वळतो व पोटरी ताणली जाते. त्या ताणाला नेहमीचे उत्तर मिळाले, तर बोटे खाली वळून जमिनीला अडखळतील. संवेदी तंतूचे टोक प्रेरक पेशीला जेथे भिडते, तेथेच वार्तेचा जोर कमी करण्याची सोय मज्जारज्जूत आहे. दार बंद करावयाचे नाही, किलकिले ठेवावयाचे, अशी ही व्यवस्था.

मज्जारज्जूस इजा झालेल्या, पाय आखडणाऱ्या रुग्णांत हा फेरफार बिघडतो. प्रतिक्षेप जोरकस असतो, हे खाटेवर तपासताना कळतेच. पण पाऊल उचलताना तो दबत नाही, ही खरी अडचण चालविल्याखेरीज दिसत नाही. आखडलेपणा कमी करणारे औषध प्रतिक्षेपाचा जोर सरसकट उतरविते. नेमक्या क्षणी उतरविण्याचे काम त्याला साधत नाही. म्हणून सरावाकडे लक्ष गेले. 1987 साली बार्बो आणि रोसिन्योल यांनी दाखविले की, मज्जारज्जू छेदलेली प्रौढ मांजरे पट्ट्यावरील नियमित सरावाने मागील पायांवर भार पेलून पुन्हा पावले टाकू लागतात. रुग्णाचे वजन दोरखंडांनी थोडे उचलून धरून त्याला पट्ट्यावर चालविण्याची पद्धत पुढे रुग्णालयांत आली, ती याच वाटेने.